देशाचा दर आणि गावचा भाव

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतातील किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के नोंदला गेला. ग्राहक किंमत निर्देशांकाची तेव्हाची मालिका सुरू झाल्यापासूनचा हा नीचांक होता. त्याच महिन्यात, त्याच खात्याने, त्याच पद्धतीने केरळसाठी काढलेला दर मात्र ८.५६ टक्के होता. बिहार आणि उत्तर प्रदेशात तो शून्याच्याही खाली गेला होता. म्हणजे तिथे वर्षभरापूर्वीच्या तुलनेत भाव एकूणात उतरले होते. देशात महागाई जवळजवळ संपली अशी बातमी त्या दिवशी कोट्टयममध्ये वाचणाऱ्या गृहिणीला ती आपल्याबद्दलची वाटली नसेल, आणि पाटण्यातल्या गृहिणीला केरळचा आकडा परक्या देशातला वाटला असेल. तरीही यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. दोन्ही खरे आहेत हे मान्य केल्यावरच खरा प्रश्न सुरू होतो: कोणत्या कामासाठी कोणता आकडा धरायचा? या प्रकरणात मी असे मांडणार आहे की पैशाचे मोल सांभाळायचे असेल तिथे देशाचा दर योग्य आहे, पण एखाद्या माणसाच्या मजुरीची, पगाराची किंवा पेन्शनची झीज भरून काढायची असेल तिथे तो बहुतेक वेळा अन्याय करतो. तो अन्याय टाळायचा तर स्थानिक निर्देशांक नुसता असून भागत नाही. तो भरवशाचा आणि ताजाही असावा लागतो.

आधी केरळचेच गणित थोडे पुढे नेऊ. देशाचा निर्देशांक हा राज्यांच्या निर्देशांकांची भारित सरासरी असतो. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत केरळचा भार ४.५५ टक्के होता. ८.५६ ला या भाराने गुणले की साधारण ०.३९ येतात. म्हणजे देशाच्या ०.२५ टक्क्यांत एकट्या केरळचा वाटा ढोबळमानाने ०.३९ होता. एकूण बेरजेपेक्षा एका भागाचा वाटा मोठा असेल, तर उरलेल्या भागांची बेरीज उणे असणार. केरळ बाजूला ठेवले, तर त्या महिन्यात उरलेल्या भारतात भाव वर्षभरापूर्वीपेक्षा किंचित कमीच होते. ०.२५ टक्के हा दर ना केरळचा होता, ना केरळ सोडून उरलेल्या देशाचा. तो देशाबद्दल खरा होता, पण देशातल्या कोणत्या ठिकाणी लोक त्याच दराने जगत होते हे दाखवता आले नसते.

असे का घडते हे समजण्यासाठी निर्देशांक कसा बनतो ते पाहायला हवे. सरकार आधी घरोघरी खर्चाची पाहणी करते आणि लोक शंभर रुपयांतले किती कशावर खर्च करतात ते ठरवते. मग दर महिन्याला ठरलेल्या बाजारांतून ठरलेल्या वस्तूंचे भाव गोळा होतात, आणि भावातल्या प्रत्येक बदलाला त्या त्या वस्तूच्या वाट्याने गुणले जाते. २०१२ च्या मालिकेसाठी हे वाटे २०११-१२ च्या पाहणीतून घेतले होते. त्यात खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार गावांसाठी ५४.१८ टक्के होता, शहरांसाठी ३६.२९. नुसते धान्य घेतले तर गावात १२.३५, शहरात ६.५९. घरभाडे शहरात २१.६७ टक्के, तर गावासाठी ते निर्देशांकात धरलेलेच नव्हते. म्हणजे देशभर धान्य नेमके दहा टक्क्यांनी महागले आणि बाकी काहीच हलले नाही, तरी गावच्या महागाईत सव्वा टक्क्याची भर पडते आणि शहराच्या महागाईत पाऊण टक्क्याचीही पडत नाही. दुकानातली पाटी एकच असते, पण ती ज्याच्या त्याच्या खर्चात वेगळ्या जागी लागते.

याचा पुरावा लागोपाठच्या दोन ऑक्टोबर महिन्यांत मिळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या. देशाचा दर ६.२१ टक्के होता. त्यात ग्रामीण दर ६.६८ आणि शहरी ५.६२. वर्षभराने चित्र उलटले. खाद्यपदार्थांचे भाव पाच टक्क्यांनी उतरले आणि ग्रामीण दर उणे ०.२५ झाला, शहरी ०.८८ राहिला. खाणे महागले की गाव जास्त पोळते, खाणे स्वस्त झाले की गावचा दर जास्त खाली येतो. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती निर्देशांकात कुठेच दिसत नाही. गावातले ज्याचे पोट शेतीवर आहे त्याच्यासाठी उतरलेला भाव हा उतरलेले उत्पन्नही असतो. लासलगावला कांदा कोसळला की नाशिक जिल्ह्यातल्या गावांचा महागाईचा आकडा सुधारतो, आणि त्याच गावांत उधारी वाढते. ग्राहक किंमत निर्देशांक फक्त खर्चाची बाजू मोजतो. तो कमी असणे म्हणजे गावाचे बरे चालले आहे, असा अर्थ त्यातून काढू नये.

केरळमध्ये २०२५ साली जे झाले त्यात भाव आणि भार या दोन्हींचा हात होता. खोबऱ्याचे उत्पादन घटले आणि खोबरेल तेलाचे भाव वर्षभरात दुपटीच्या घरात गेले. केरळात खोबरेल हे स्वयंपाकाचे तेल आहे. तळण, फोडणी, कालवण सगळे त्यातच. घाटावरच्या महाराष्ट्रात ते मुख्यतः केसांना लावायचे तेल आहे, स्वयंपाकात शेंगदाणा, सोयाबीन, करडई, सूर्यफूल. त्यामुळे तोच भाव, तेच उत्पादन, पण दोन राज्यांच्या निर्देशांकांवर त्याचा परिणाम अगदी निराळा. त्या वर्षी सोनेही प्रचंड महागले, आणि सोन्यावर घराघरांतून मोठा खर्च करणाऱ्या केरळला त्याचीही झळ अधिक बसली. पण म्हणून महाराष्ट्र त्यातून सुटला असे सरसकट म्हणता येत नाही. कोकणात आणि गोव्यात नारळ रोजच्या वाटणात पडतो. सिंधुदुर्गातल्या घराचा नारळावरचा खर्च आणि लातूरमधल्या घराचा, यांत काहीच साम्य नाही. सिंधुदुर्गातल्या घराला जो भार सोसावा लागतो तो महाराष्ट्राच्या सरासरीत विरघळून जातो, कारण राज्याचा आकडा हीसुद्धा एक सरासरीच आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण स्थानिक महागाईवरच्या निम्म्या चर्चा त्यातच अडकतात. मुंबई महाग आहे याचा अर्थ मुंबईत महागाईचा दर जास्त आहे असा होत नाही. भावाची पातळी ही एक गोष्ट, आणि ती पातळी किती वेगाने वाढते ही दुसरी. दादरच्या एका खोलीचे भाडे परभणीच्या अख्ख्या घराच्या भाड्याच्या अनेक पट असेल. पण वर्षभरात दोन्ही भाडी पाच टक्क्यांनी वाढली तर दोन्हीकडची भाड्याची महागाई पाच टक्केच. उलट परभणीचे भाडे आठ टक्क्यांनी वाढले तर स्वस्त परभणीत महागाईचा दर जास्त असेल. दोन राज्यांचे निर्देशांक शेजारी ठेवून, ज्याचा अंक मोठा ते राज्य महाग, असे म्हणणेही चुकीचे आहे. दोघांनाही पायाभूत वर्षी १०० हाच अंक दिलेला असतो. आज एकाचा २०० आणि दुसऱ्याचा १९० असेल, तर त्या वर्षापासून पहिल्याकडचे भाव जास्त वाढले एवढेच त्यातून कळते. आज कुठे राहणे महाग पडते ते कळत नाही. त्यासाठी एकाच वेळी दोन ठिकाणच्या भावांची तुलना करणारी वेगळी मोजणी लागते, आणि ती आपल्याकडे महिन्याच्या महिन्याला होत नाही.

महाराष्ट्राचा दर देशाच्या दरापासून फारसा लांब जात नाही असे अनेकांच्या लक्षात आले असेल. त्यावरून राज्यातल्या माणसासाठी देशाचा आकडा पुरेसा आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण या जवळिकीचे एक कारण निव्वळ गणिती आहे. २०१२ च्या मालिकेत महाराष्ट्राचा भार १३.१८ टक्के होता, सर्व राज्यांत सर्वाधिक. शहरी निर्देशांकात तर १८.८६, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. जो स्वतःच सरासरीचा एवढा मोठा तुकडा आहे, तो सरासरीला आपल्याकडे ओढतो. गोव्याचा भार ०.१९ टक्के होता. पणजीत मासळी कितीही महागली तरी दिल्लीत जाहीर होणाऱ्या आकड्यावर त्याचा ओरखडाही उमटत नाही. शिवाय मासिक प्रसिद्धिपत्रकात ज्या राज्यांची लोकसंख्या पन्नास लाखांहून अधिक त्यांच्याच दरांची तुलना दिली जात असे, त्यामुळे गोवा त्या चर्चेत सहसा येतही नसे. आणि हे भार माणसांच्या संख्येवर ठरत नाहीत, खर्चाच्या रकमेवर ठरतात. २०११ च्या जनगणनेत उत्तर प्रदेशात जवळपास २० कोटी लोक होते, महाराष्ट्रात सव्वाअकरा कोटी. तरी निर्देशांकात उत्तर प्रदेशचा भार १२.३७, महाराष्ट्रापेक्षा कमी. बिहारची लोकसंख्या केरळच्या तिपटीहून अधिक, पण भार ५.१४, केरळपेक्षा जेमतेम थोडा जास्त. जो जास्त खर्च करतो त्याच्या महागाईला राष्ट्रीय आकड्यात जास्त जागा मिळते. राज्याच्या आतही हेच लागू आहे: मुंबई-पुणे पट्ट्याचा खर्च गडचिरोली-नंदुरबारच्या खर्चाला झाकून टाकतो. एकूण मागणीचा अंदाज घेणाऱ्या अर्थतज्ज्ञासाठी हे योग्यच आहे, पण गडचिरोलीतल्या मजुराची झीज मोजायला हे माप बसत नाही.

आता पहिला मोठा आक्षेप घेऊ, कारण तो वजनदार आहे. भारत हा एकच बाजार आहे, असे म्हणतात. नाशिकचा टोमॅटो दिल्लीला जातो, पंजाबचा गहू पुण्याला येतो, २०१७ पासून वस्तू व सेवा करही देशभर सारखा आहे. एका ठिकाणी भाव चढले की ट्रक तिकडे वळतात आणि फरक मिटतो. म्हणून राज्याराज्यांतले फरक तात्पुरते असतात आणि दीर्घ काळात सगळ्यांचा दर देशाच्या दराकडे येतो. ट्रकमध्ये भरता येणाऱ्या वस्तूंबद्दल हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण माणसाच्या खर्चातला वाढता भाग ट्रकमध्ये भरता येत नाही. घरभाडे, शाळेची फी, दवाखान्याचा खर्च, प्रवास, वीज हे सगळे जागच्या जागी ठरते. २०२५ चेच उदाहरण घ्या. जानेवारीत एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. फेब्रुवारीपासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २३ वरून २६ रुपये झाले, टॅक्सीचे २८ वरून ३१. मे महिन्यात बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपयांवर गेले. चेंबूरहून कामाला जाणाऱ्या मोलकरणीसाठी त्या महिन्यात बसचा किमान खर्च दुप्पट झाला. भोपाळमधून किंवा भुवनेश्वरमधून तिच्यासाठी स्वस्त बस मागवता येत नाही. पेट्रोल-डिझेल आणि मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहेत, त्यांवरचा कर राज्यागणिक वेगळा. विजेचे दर राज्याचा नियामक आयोग ठरवतो. यांतला प्रत्येक निर्णय राज्यात किंवा शहरात घेतला जातो, आणि त्याचा परिणाम तिथल्याच लोकांवर होतो.

आणि फरक तात्पुरता मानला, तरी त्याची किंमत तात्पुरती नसते. हा मुद्दा नेहमी सुटतो. समजा दोन ठिकाणी भावांची पातळी १०० होती. एका वर्षी एका ठिकाणी ८.५६ टक्के महागाई झाली, दुसरीकडे ०.२५. पातळ्या झाल्या १०८.५६ आणि १००.२५. पुढच्या वर्षी दोन्हीकडे समान चार टक्के महागाई झाली. दर एक झाले, आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. पण पातळ्या आता ११२.९० आणि १०४.२६ आहेत. पहिल्या ठिकाणच्या माणसाचा पगार देशाच्या दराने वाढला असेल, तर त्या एका वर्षात गेलेली त्याची खरेदीशक्ती परत आलेली नाही. दर जुळला तरी नुकसान भरून निघत नाही. ते भरून निघायचे तर पहिल्या ठिकाणी पुढे कधीतरी महागाई देशाहून कमी राहिली पाहिजे. तेल-भाजीबाबत असे होते. एकदा वाढलेल्या भाड्याबाबत आणि फीबाबत ते क्वचितच होते.

स्थानिक निर्देशांकाचा आग्रह महाराष्ट्राला नवा नाही. किंबहुना देशात त्याची सुरुवात इथेच झाली असे म्हणायला हरकत नाही. मुंबई इलाख्याच्या कामगार कार्यालयाने १९२१ मध्ये मुंबईच्या कामगारांचा राहणीखर्च निर्देशांक प्रसिद्ध करायला सुरुवात केली. जुलै १९१४ हा त्याचा पाया होता. पुढे कामगार कुटुंबांच्या खर्चाची नव्याने पाहणी होऊन १९३३-३४ हा पाया धरला गेला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून गिरणी कामगारांचा महागाई भत्ता या मुंबईच्या आकड्याशी बांधला गेला. देशाची सरासरी नव्हे, तर गिरणगावातल्या घराचा खर्च हे मजुरीचे माप होते. पण पाया जुना होत गेला. तीस वर्षांत माणसे काय खातात, काय नेसतात, कुठे राहतात हे बदलले आणि निर्देशांक १९३३-३४ च्याच यादीला चिकटून राहिला. कामगार संघटना म्हणू लागल्या की आकडा खोटा आहे, भाव वाढतात तेवढा तो वाढत नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये मुंबईत मोठा बंद झाला, त्यामागच्या मागण्यांत हीही मागणी होती. राज्य सरकारने अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, आणि निर्देशांक प्रत्यक्षापेक्षा कमी महागाई दाखवत आहे ही तक्रार बव्हंशी खरी ठरली. निर्देशांकातली तांत्रिक त्रुटी म्हणजे लाखो पाकिटांतून दरमहा गेलेली रक्कम, हे त्या वेळच्या मुंबईला कळले होते. मला या प्रसंगाचे महत्त्व दुहेरी वाटते. स्थानिक निर्देशांक असू शकतो आणि मजुरी त्याला जोडता येते हे त्याने दाखवले. आणि स्थानिक आहे म्हणून तो आपोआप न्याय्य होत नाही हेही दाखवले.

आजची व्यवस्था सरमिसळ आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय निर्देशांकावर ठरतो. सिमल्याचे श्रम ब्युरो हा निर्देशांक २०१६ च्या पायावर ८८ केंद्रांतून गोळा केलेल्या भावांवरून काढते. त्यांत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर ही केंद्रे आहेत आणि प्रत्येक केंद्राचा वेगळा आकडा उपलब्धही असतो. तरी भत्ता सगळ्यांना एकाच टक्क्याने. शहरांतला फरक घरभाडे भत्त्यातून भरून निघतो असे यावर सांगितले जाते: मुंबई-पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के, नागपूरसारख्या शहरात २०, लहान गावांत १०. पण हा भत्ता भावाच्या पातळीची दखल घेतो, वाढीच्या वेगाची नाही. वरचे पातळी आणि दर यांतले अंतर लक्षात घेतले की हे उत्तर अपुरे का, ते दिसते. एखाद्या मध्यम शहरात नवे उद्योग आले आणि पाच वर्षांत भाडी झपाट्याने वाढली, तरी ते शहर वरच्या वर्गात जाईपर्यंत तिथल्या कर्मचाऱ्याला त्यातले काही मिळत नाही.

रोजगार हमीच्या मजुरीचे उदाहरण उलट दिशेने बोलके आहे. मनरेगाची मजुरी राज्यागणिक वेगळी होती आणि ती शेतमजुरांच्या राज्यवार निर्देशांकानुसार दर वर्षी वाढवली जात असे. २०२५-२६ मध्ये ती हरियाणात ४०० रुपये होती, महाराष्ट्रात ३१२. ज्या राज्याने १९७७ मध्ये देशातला पहिला रोजगार हमी कायदा केला, त्याच्या मजुराला हरियाणापेक्षा ८८ रुपये कमी मिळत होते. म्हणजे इथे स्थानिक माप वापरले जात होते. पण ते माप कोणते? शेतमजुरांच्या निर्देशांकाचा पाया १९८६-८७ चा होता आणि त्यातले भार १९८३ च्या पाहणीतले होते. त्यात खाद्यपदार्थांचा वाटा ६९ टक्क्यांच्या आसपास. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भारतात हाच वाटा ४७ टक्के निघाला. शेतमजुराचे घर सरासरी ग्रामीण घरापेक्षा गरीब असते, त्याचा खाण्यावरचा वाटा काहीसा जास्त धरला, तरी ६९ आणि ४७ यांतले अंतर त्याने भरत नाही. मुलाची शिकवणी, औषधे, मोबाइलचे रिचार्ज, तालुक्याला जाणारी जीप यांवर आजचा मजूर जो खर्च करतो, तो त्या निर्देशांकाने जेमतेम पाहिला. खाण्याचे भाव थंडावले की निर्देशांक थंडावे आणि मजुरीची वाढही. २०२५ मध्ये अखेर या निर्देशांकाचा पाया २०१९ वर आणला गेला. चार दशके जुन्या ताटावरून मजुरी ठरत राहिली, ही आपल्या सांख्यिकी व्यवस्थेची साधी चूक नव्हती. गरिबाच्या खर्चाकडे झालेले ते दीर्घ दुर्लक्ष होते.

दुसरा आक्षेप संख्याशास्त्रज्ञांचा आहे आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. लहान प्रदेशाचा निर्देशांक थोड्या नमुन्यावर उभा राहतो, म्हणून तो उड्या मारतो. अमेरिकेचे कामगार सांख्यिकी ब्युरो मोठ्या शहरांचे निर्देशांक प्रसिद्ध करते, पण वेतनकरारात शक्यतो देशाचा किंवा मोठ्या विभागाचाच आकडा वापरा, असा सल्लाही देते. शहरी आकड्यांत नमुन्याची चूक जास्त असते म्हणून. आपल्याकडे २०१२ च्या मालिकेसाठी ३१० शहरांतल्या १,११४ बाजारांतून आणि १,१८१ गावांतून भाव घेतले जात. २०११ च्या जनगणनेच्या वेळी देशात ६४० जिल्हे होते. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी दोन गावेही नाहीत. एवढ्यावरून जिल्ह्याचा महागाई दर काढणे म्हणजे दोन दुकानांच्या भावावरून तालुक्याचे भवितव्य ठरवणे होईल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मान्य नाही. उड्या मारणाऱ्या आकड्याला शांत करण्याचे मार्ग आहेत: एका महिन्याऐवजी बारा महिन्यांची सरासरी घ्यावी, जिल्ह्याऐवजी सारख्या खाण्याराहण्याचे जिल्हे एकत्र करून विभाग धरावा, आकड्यासोबत त्याच्या चुकीची मर्यादा छापावी. देशाचा आकडा स्थिर असतो हे खरे. पण तो विशिष्ट जागेबाबत सतत एकाच बाजूला चुकत असेल, तर त्याच्या स्थिरतेचा तिथल्या माणसाला उपयोग नाही. अस्थिर मापाची चूक वर्षभरात पुष्कळशी आपोआप फिटते; झुकलेल्या मापाची चूक साठत जाते.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. पैसा स्थानिक आकड्यावर अवलंबून असेल तर प्रत्येक सरकार तो आकडा आपल्या सोयीने हलवू पाहील; राज्य कमी मजुरी द्यायची म्हणून तो दाबेल, किंवा केंद्राकडून जास्त निधी मिळावा म्हणून फुगवेल. ही भीती निराधार नाही. म्हणूनच भाव गोळा करण्याचे काम राज्याच्या तिजोरीपासून दूर असलेल्या केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेकडे राहावे आणि मूळ भावही सर्वांना तपासता यावेत. पण देशाचाच आकडा वापरल्याने राजकारण टळते असे समजू नये. एकच टक्का सगळ्यांना देणे हासुद्धा एक निर्णय आहे. त्यात कोणाला जास्त मिळते आणि कोणाला कमी, हे फक्त दिसत नाही.

रिझर्व्ह बँकेबाबत मात्र मी राष्ट्रीय दराच्या बाजूने आहे, आणि ठामपणे. २०१६ मध्ये कायदा बदलून बँकेवर चार टक्क्यांचे, दोन टक्के वर-खाली मुभा असलेले उद्दिष्ट ठेवले गेले, आणि ते देशाच्या एकत्रित ग्राहक किंमत निर्देशांकावर बेतलेले आहे. केरळसाठी एक रेपो दर आणि बिहारसाठी दुसरा असे करता येत नाही. कोचीतून कर्ज घेऊन पैसा दुसऱ्या दिवशी पाटण्यात नेता येतो. रुपया एक आहे, म्हणून त्याच्या मोलाचे मापही एकच असले पाहिजे. खोबऱ्याचे पीक बुडाल्याने वाढलेला भाव व्याजदर वाढवून उतरत नाही. ज्या साधनाचा परिणाम सगळ्या देशावर होतो, त्याचा काटा सगळ्या देशाच्या आकड्यावर असावा. गोंधळ होतो तो हाच आकडा त्याच्या कामाबाहेर वापरला जातो तेव्हा. महागाई चार टक्क्यांच्या आत आली, तेव्हा मजुरीवाढीची गरज काय, असे एखाद्या कारखान्याच्या वाटाघाटीत म्हटले जाते, तेव्हा पैशाचे माप माणसाच्या ताटाला लावले जात असते.

फेब्रुवारी २०२६ मध्ये २०२४ हे पायाभूत वर्ष धरलेली ग्राहक किंमत निर्देशांकाची नवी मालिका आली. तिचे भार २०२३-२४ च्या पाहणीतले आहेत. खाद्यपदार्थांचा भार सुमारे ३७ टक्क्यांवर आला आणि ग्रामीण घरभाडेही प्रथमच निर्देशांकात आले. याने राष्ट्रीय आकडा आजच्या घराच्या बराच जवळ आला. आता राज्याने आपले काम करावे. महाराष्ट्राच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे माणसे आहेत, दर वर्षी राज्याची आर्थिक पाहणी काढण्याचा अनुभव आहे. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सहा महसुली विभागांसाठी, गाव आणि शहर वेगळे धरून, पुरेशा बाजारांतले भाव केंद्रीय यंत्रणेच्या देखरेखीखाली घ्यावेत, दर तिमाहीला विभागवार महागाई दर चुकीच्या मर्यादेसह जाहीर करावा, आणि किमान वेतनाचा विशेष भत्ता त्या विभागाच्या बारा महिन्यांच्या सरासरीशी जोडावा. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. अंदाजपत्रकात तरतूद आणि एक शासन निर्णय पुरे आहे.